कंपाउंड धनुष्य: मापाने निवडावे, वहीने सांभाळावे

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत, कंपाउंड धनुष्याच्या पुरुष गटाच्या अंतिम सामन्यात ओजस देवतळे याने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. ५० मीटरवर लावलेल्या ८० सेंटिमीटरच्या टार्गेट फेसवर दहाचे वर्तुळ केवळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढे असते, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचा अर्थ कळतो. त्याच दिवशी साताऱ्याच्या अदिती स्वामीने महिलांचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. नागपूरचा ओजसही साताऱ्यातच सराव करून घडलेला. तेव्हापासून, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाल्यापासून तर अधिकच, मैदानावर येणारे पालक एकच प्रश्न विचारतात: कोणत्या कंपनीचे धनुष्य घ्यावे? हा प्रश्न यादीत सर्वांत शेवटी यायला हवा, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण कंपाउंडच्या रचनेतच आहे.

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या दोन लवचिक पात्यांच्या, टोकांना बसवलेले कॅम (चाकासारखे फिरणारे भाग) आणि त्यांना जोडणाऱ्या केबल यांमुळे स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) ओढताना मध्यावर पूर्ण जोर लागतो आणि शेवटच्या काही इंचांत तो एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. त्यानंतर कॅम अडतो आणि स्ट्रिंग पुढे येत नाही. या अडण्याच्या जागेला मैदानावर सगळे ‘वॉल’ म्हणतात. कॅम नसलेल्या रिकर्व्ह धनुष्यात ताण सलग वाढत जातो आणि खेळाडू आपल्या शरीराच्या सोयीने अर्धा इंच अलीकडे किंवा पलीकडे थांबू शकतो. कंपाउंडमध्ये ती मुभा नाही. वॉल जिथे आहे तिथेच हात थांबणार, आणि ती जागा शरीराशी जुळत नसेल तर उरलेले सगळे शरीर वाकडे होऊन तिच्याशी जुळवून घेणार. म्हणून कंपाउंड आधी मापाने निवडायचे असते.

ड्रॉ लेंथ

ड्रॉ लेंथ म्हणजे स्ट्रिंग पूर्ण ओढल्यावरची ओढीची लांबी. ती काढण्यासाठी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे. हात ताणून लांब करू नयेत. मुले हमखास करतात. १७० सेंटिमीटरचा पसारा असेल तर तो जवळपास ६७ इंच होतो आणि भागाकार २६.८ येतो. याचा अर्थ सुरुवात पावणेसत्तावीस किंवा २७ इंचांच्या आसपास करावी, इतकाच आहे. हे सूत्र दाराशी आणून सोडते. आत शिरण्यासाठी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली धनुष्य पूर्ण ओढून, बाजूने फोटो काढून पाहावे लागते.

ड्रॉ लेंथ जास्त असली की मान मागे कलते, धनुष्य धरलेल्या हाताचे कोपर ताठ होऊन अडकते आणि रिलीज (स्ट्रिंग सोडण्याचे हातातले उपकरण) धरलेला हात कानाच्याही मागे जातो. कमी असली की खांदा वर चढतो आणि चेहरा स्ट्रिंगला शोधत पुढे जातो. माझे पहिले कंपाउंड वापरलेले होते आणि विकणाऱ्याने ते ‘सगळ्यांना चालेल’ म्हणून दिले होते. त्याचे मॉड्यूल, म्हणजे ड्रॉ लेंथ ठरवणारा कॅमवरचा सुटा भाग, २९ इंचांचे होते आणि मला हवे होते २८. सहा महिने मी बाण डावी-उजवीकडे का जातात याचा शोध रेस्टमध्ये (बाण टेकवण्याच्या आधारात), साइटमध्ये (नेम धरण्याच्या साधनात) आणि वाऱ्यात घेत होतो. बहुतेक धनुष्यांत मॉड्यूल बदलून किंवा सरकवून ड्रॉ लेंथ अर्ध्या इंचाने, काहींत पाव इंचाने कमी-जास्त करता येते. मात्र एखाद्या कॅमसाठी हवे ते मॉड्यूल अजून मिळते का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलासाठी तर ज्यात ड्रॉ लेंथ सर्वांत जास्त बदलता येते तेच धनुष्य घ्यावे, भले ते दिसायला साधे असो.

पाउंडेज

वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार कंपाउंडचा कमाल ताण, म्हणजेच पाउंडेज, ६० पाउंडांपेक्षा जास्त चालत नाही आणि स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत तो मोजला जाऊ शकतो. ‘६० पाउंडी’ लिम्ब पूर्ण आवळले की काट्यावर ६१ किंवा त्याहून थोडे जास्तही दाखवतात, म्हणून छापील आकड्यावर न विसंबता बो-स्केलवर (ताण मोजण्याच्या काट्यावर) स्वतः मोजावे.

परंतु ६० हे ध्येय समजू नये. पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. ५५ पाउंड म्हणजे सुमारे २५ किलो धरले तर केवळ त्या फेरीत खेळाडू १८०० किलो ओढतो, आणि सरावाचे बाण त्यात धरलेले नाहीत. कसोटी सोपी आहे. खुर्चीवर बसून, धनुष्य समोर टार्गेटच्या दिशेने धरून, ते आकाशाकडे न नेता सरळ रेषेत ओढता आले पाहिजे. ओढण्यासाठी हात वर उचलावा लागत असेल तर ते पाउंडेज जड आहे. ही चाचणीही स्ट्रिंगवर बाण लावून, समोर टार्गेट ठेवूनच करावी. लिम्ब बोल्टच्या एका फेऱ्याने साधारणपणे दोन पाउंडांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे ५० ते ६० च्या लिम्बवर ५० पासून सुरुवात करून हंगामभरात वर जाता येते. बोल्ट किती फेऱ्यांपर्यंत सैल करायचा याची मर्यादा त्या धनुष्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते आणि ती ओलांडल्यास लिम्ब निसटून गंभीर इजा होऊ शकते.

लेट-ऑफचा विचार लोक उलटा करतात. ५२ पाउंडांवर ८० टक्के लेट-ऑफ असेल तर निशाणा धरताना हातावर १०.४ पाउंड राहतात, ६५ टक्के असेल तर १८.२. कमी भार म्हणजे आराम, असे वाटते. परंतु हात अगदी हलका झाला की साइटचा ठिपका भटकतो आणि पाठीच्या स्नायूंना ओढण्यासाठी काही उरत नाही. अनेक मुरलेले तिरंदाज १४ ते १८ पाउंडांचा भार मुद्दाम पसंत करतात. नवशिक्याने ७५ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करावी.

लांबी, डोळा आणि बाकीचे साहित्य

दोन कॅमच्या अ‍ॅक्सलमधील (आसांमधील) अंतर हे धनुष्याच्या लांबीचे माप. शिकारीची धनुष्ये ३० ते ३३ इंचांची असतात, कारण ती झाडीतून न्यायची असतात; दुकानदाराने सवलतीत दाखवली तरी ती स्पर्धेसाठी घेऊ नयेत. टार्गेट धनुष्य ३६ ते ४० इंचांचे असते. लांब धनुष्य हातात स्थिर राहते आणि पूर्ण ओढल्यावर स्ट्रिंगचा कोन उघडा राहतो, त्यामुळे नाकाच्या टोकाला स्ट्रिंग सहज लागते. २७ इंच ड्रॉ लेंथला ३६–३७ इंच पुरतात. २९ च्या पुढे ३८ ते ४० बरे. ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर, ७ इंचांच्या आसपास किंवा थोडे जास्त असलेले धनुष्य हातातल्या चुका अधिक पोटात घालते. वेगाच्या आकड्यांना भुलू नये. ५० मीटरवर अंतर ठरलेले असते, त्यामुळे वेगापेक्षा पुनरावृत्ती महत्त्वाची ठरते.

धनुष्य उजवे की डावे, हे लिहिण्याच्या हातापेक्षा प्रबळ डोळ्यावरून ठरवावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूवर बोट धरावे आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने बोट जागचे हलत नाही तो प्रबळ.

बाणाच्या बाबतीत एक नियम मोडायचा नाही: बहुतेक उत्पादक ताणाच्या प्रत्येक पाउंडामागे किमान ५ ग्रेन (बाण तोलण्याचे लहान एकक) वजनाचा बाण सांगतात, म्हणजे ५० पाउंडांसाठी बाण २५० ग्रेनपेक्षा हलका नसावा. त्याहून हलका बाण म्हणजे धनुष्याच्या दृष्टीने जवळपास रिकामाच फटका. स्पाइनचा, म्हणजे बाणाच्या लवचिकतेचा, आकडा जितका लहान तितका बाण ताठ, त्यामुळे ४०० चा बाण ५०० पेक्षा कडक. निवड पाउंडेज, बाणाची लांबी आणि टोकाचे वजन या तिन्हींवरून उत्पादकाच्या तक्त्यात पाहून करावी. खुल्या मैदानावर वाऱ्यासाठी बारीक शाफ्ट (बाणाची काडी), १८ मीटरच्या बंदिस्त स्पर्धेत गुणांच्या रेषेला स्पर्श व्हावा म्हणून जाड शाफ्ट. जाडीची कमाल मर्यादा ९.३ मिलिमीटर.

साइटवरच्या स्कोपची लेन्स सुरुवातीला ४ पटींची पुरे. मोठ्या लेन्समधून टार्गेट जवळ येते तसा हाताचा कंपही जवळ येतो. स्टॅबिलायझर (तोल राखणारे दांडे) पुढे एक आणि मागे बाजूला एक, वजन हळूहळू वाढवत. रिलीज मात्र घाईने घेऊ नये: अंगठ्याच्या बटणाचे रिलीज नवशिक्यासाठी सुरक्षित, हिंजचे (बटणाशिवाय, फिरवल्यावर सुटणारे) रिलीज प्रशिक्षकाशिवाय हातात धरू नये, कारण ते ओढतानाच सुटले तर मूठ थेट तोंडावर येते.

आता कंपनी. होइट, मॅथ्यूज, पीएसई यांची वरच्या श्रेणीतली टार्गेट धनुष्ये आयात होतात आणि सर्व साहित्यासह खर्च लाखांच्या घरात जातो. दोन कंपन्यांच्या चांगल्या धनुष्यांतला फरक नवशिक्याच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. सुटे भाग आणि बो-प्रेस (धनुष्य दाबून धरण्याचे यंत्र) जवळपास कोणाकडे आहेत, यातला फरक नक्की दिसतो. वापरलेले घेत असल्यास लिम्बच्या कडा, कॅमच्या खाचा, अ‍ॅक्सलच्या क्लिपा आणि बोल्टचे आटे स्वतः पाहावेत, आणि स्ट्रिंग-केबलचा नवा संच किमतीत धरूनच सौदा करावा.

वही

धनुष्य घरी आले, मापात बसले, बाण एका जागी पडू लागले की त्याच दिवशी वही उघडावी. अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल अंतर मिलिमीटरमध्ये, ब्रेस हाइट, बो-स्केलवरचे पाउंडेज, ड्रॉ लेंथ, लिम्ब बोल्ट पूर्ण आवळल्यापासून किती फेरे सैल आहे, नॉकिंग पॉइंटपासून (बाण स्ट्रिंगला लागतो त्या जागेपासून) पीपची (स्ट्रिंगमधल्या, नेम पाहण्याच्या छिद्राची) उंची, डी-लूपची (रिलीज अडकवण्याच्या दोराच्या फासाची) लांबी, रेस्टची जागा आणि प्रत्येक अंतराची साइटची खूण, एवढे सगळे तारखेसह लिहावे. रायझरवर (धनुष्याच्या मधल्या कडक भागावर) बोल्टपाशी आणि कॅमवर केबल जिथे टेकते तिथे चंदेरी पेनाने बारीक रेघ मारावी. स्ट्रिंग आणि केबल रोज केसाएवढ्या ताणत असतात आणि तो बदल डोळ्यांना दिसत नाही. केबल ताणल्या की अ‍ॅक्सलमधील अंतर वाढते आणि पाउंडेज उतरते. खेळाडूला मात्र फक्त एवढेच जाणवते की बाण खाली पडत आहेत, आणि तो साइट हलवतो. दोन महिन्यांनी वही नसेल तर मूळ धनुष्य कसे होते हे सांगणारे कोणीच उरत नाही.

ही मापे दर पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावीत. नव्या संचावर पहिले शे-दोनशे बाण मारून झाल्यावर मापे हमखास सरकतात; तोवर अंतिम जुळवणी करू नये. अ‍ॅक्सलमधील अंतर २–३ मिलिमीटरने बदलले असेल तर बो-प्रेसवर केबलला पीळ द्यावा लागतो, आणि कोणत्या केबलला किती पीळ, हे कॅमच्या प्रकारावर अवलंबून असल्याने ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. बो-प्रेसशिवाय, दोरीने किंवा पायाने धनुष्य दाबून स्ट्रिंग काढण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

दोन कॅमच्या धनुष्यात आणखी एक गोष्ट पाहावी. एकाने धनुष्य हळू ओढावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून वरचा आणि खालचा कॅम एकाच क्षणी अडतो का ते पाहावे. एक आधी अडत असेल तर वॉल स्पंजसारखी लागते आणि बाण वर-खाली पडतात. ही जुळवणी झाल्यानंतरच नॉकिंग पॉइंट, मग रेस्ट, मग दोनेक मीटरवरून बाणाने कागद फाडून पाहण्याची चाचणी. क्रम उलटा केला तर प्रत्येक दुरुस्ती आधीची दुरुस्ती बिघडवते.

स्ट्रिंग, डी-लूप आणि लिम्ब

स्ट्रिंगचे धागे कोरडे आणि केसाळ दिसू लागले की मेण लावावे. आधी जुने मेण आणि धूळ मऊ कापडाने पुसावी, थोडेसे मेण लावून बोटांच्या चिमटीत स्ट्रिंग धरून उष्णता जाणवेपर्यंत चोळावे, आणि वर उरलेले पुन्हा पुसावे. सर्व्हिंगवर, म्हणजे जिथे धाग्याचे घट्ट वेटोळे असते तिथे, मेण लावू नये. सर्व्हिंगचे वेटोळे विलग होऊन आतला धागा दिसला, किंवा स्ट्रिंगचा एक जरी धागा तुटला, तर त्या दिवशी सराव बंद. नियमित सराव करणाऱ्याने संच वर्षातून एकदा बदलावा, आणि दुसरा संच आधीच बसवून, दोनशे बाण मारून, मापे वहीत लिहून ठेवावा. स्पर्धेच्या गावी कोरा संच उघडण्याची वेळ आली तर तो असून नसल्यासारखाच.

डी-लूप हा अगदी स्वस्त भाग, पण तो तुटला तर अपघात होतो. साधारण ११ सेंटिमीटरचा दोर कापून दोन्ही टोके लायटरवर धरावीत, वितळलेले टोक लायटरच्या धातूवर हलकेच दाबून त्याची छत्रीसारखी गाठ करावी. पहिली गाठ नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वर आणि दुसरी खाली, पण दोन्हींची टोके स्ट्रिंगच्या विरुद्ध बाजूंना यायला हवीत. एकाच बाजूला आली तर प्रत्येक वेळी ओढताना लूप आणि त्यासोबत पीप फिरते. मग लूपमध्ये लांब नाकाचा पक्कड घालून तो उघडत गाठी घट्ट बसवाव्यात. लूपवर रिलीजच्या जागी मऊ रोवे उठलेले दिसले की दुसरा बांधावा. चेहऱ्यासमोर ५० पाउंड धरलेले असताना तो तुटला, तर काय होते हे मी एकदा शेजारच्या लेनवर पाहिले आहे. त्या मुलीच्या ओठाला टाके पडले.

लिम्बसाठी कापूस पुरतो. कापसाचा छोटा बोळा लिम्बच्या दोन्ही कडांवरून, विशेषतः कॅमजवळच्या फाट्यापाशी आणि रायझरच्या खाचेजवळ, सावकाश फिरवावा. जिथे कापसाचे तंतू अडकून राहतील तिथे भेग किंवा उठलेला तंतू आहे. हे बोटाने पाहू नये, काचतंतूची कूस कातडीत शिरली की निघता निघत नाही. कार्बनचे बाणही प्रत्येक सत्रात तपासावेत: दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून दूर, हलके वाकवावे, फिरवून पुन्हा वाकवावे, आणि करकर ऐकू आली तर तो बाण तिथेच मोडून टाकावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या क्विव्हरमध्ये (भात्यात) जाणार नाही. नॉकला चीर असेल तर नॉक बदलावा, कारण सुटताना नॉक फुटला तर धनुष्याला ड्राय फायर बसतो.

ड्राय फायर, म्हणजे बाणाशिवाय स्ट्रिंग सुटणे, यात बाणात जायची सगळी शक्ती लिम्ब आणि कॅममध्ये परत येते. घरी आलेला पाहुणा ‘जरा ओढून बघू का’ म्हणतो, तेव्हा भिडस्तपणा बाजूला ठेवावा. तसे घडलेच, तर वरकरणी काहीही झालेले दिसत नसले तरी धनुष्य पुन्हा ओढू नये. कॅम, अ‍ॅक्सल, लिम्ब आणि स्ट्रिंग जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

हवा आणि प्रवास

विदर्भाच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेले धनुष्य म्हणजे लिम्बच्या थरांमधील डिंकाची आणि स्ट्रिंगच्या मापाची परीक्षा. मैदानावर दुपारच्या मधल्या सुट्टीत ते सावलीत ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, उलटा त्रास: भिजलेल्या स्ट्रिंगमध्ये पाणी राहते आणि बाण खाली पडतो, अ‍ॅलन स्क्रू गंजतात, केसच्या (धनुष्याच्या पेटीच्या) फोमला बुरशीचा वास येऊ लागतो. भिजून आल्यावर सगळे पुसून, केस उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावे, आणि नंतरच सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती बंद करावी. स्क्रूंना कापडाच्या टोकाने तेलाचा हलका हात द्यावा. तेल स्ट्रिंगला लागू देऊ नये.

स्पर्धेला निघण्याच्या आदल्या रात्री मी धनुष्य टेबलावर आडवे ठेवून वहीतले आकडे एकेक करून पुन्हा मोजतो, प्रत्येक स्क्रूला अ‍ॅलन की लावून पाहतो आणि चंदेरी रेघा जागेवर आहेत का ते बघतो. केसमध्ये बांधलेला एक जास्तीचा डी-लूप, दोराचा तुकडा, लायटर, सहा नॉक, अ‍ॅलन कीचा संच आणि दुसरे रिलीज ठेवतो. विमानाने जायचे असेल तर लायटर घरीच राहतो आणि तो उतरल्यावर विकत घेतो. स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर सरावाचा पहिला बाण मारण्याआधी बो-स्केल पुन्हा काढायचा असतो, कारण केस कोणी कशी आपटली हे केस सांगत नाही.